ईदच्या दिवशीची एकादशी

अण्णा, तुमच्या मासिकाचे जुने वाचक परवा घरी आले होते. तुमच्याविषयी दोन शब्द लिहून द्या म्हणाले. त्यांना नाही म्हटलं, आणि हे तुम्हालाच लिहायला बसले.

एकाहत्तरची लढाई झाली, गल्लीतल्या मुसलमान घरांकडे लोक वाकड्या नजरेने बघू लागले, म्हणून तुम्ही मासिक काढलंत. दर अंकात सोलापुरातला एक समाज. त्यांची भाषा, सण, जेवण. मला केवढा अभिमान होता तुमचा. त्या पहिल्या ईदला, अंकांचं बाइंडिंग करणाऱ्या चाचांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा आला. तुम्ही मला तो मोरीत ओतायला लावलात. डबा राखेने घासून, त्यात साखर घालून परत पाठवलात. डबा रिकामा परत देऊ नये, एवढी रीत पाळलीत. आणि मग त्याच शीरखुर्म्यावर लेख लिहिलात.

तो लेख खालाला, म्हणजे चाचांच्या बायकोला, कुणीतरी वाचून दाखवला. पुढच्या ईदला ती स्वतःच डबा घेऊन आली. तुम्ही प्रुफं तपासत बसला आहात, शेजारी पोह्यांची अर्धी बशी.

"तुमने लिखे सो सुनी मैं, भाईसाब. आज मेरे सामने खाओ."

"आज एकादशी आहे, वहिनी."

आदल्याच संध्याकाळी ईदचा चंद्र बघायला सगळी गल्ली गच्च्यांवर होती. तुम्हीही होतात. नखाएवढी कोर ती. एकादशीला अजून आठवडा होता, अण्णा!

खालाने आधी पोह्यांकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि हसली. "इस बार भोत जल्दी आई एकादशी." झाकण लावलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

आई आतून म्हणाली, "निदान पोट दुखतंय म्हणायचं होतं की." तुम्ही उरलेले पोहे संपवलेत.

त्या बशीवर घासणारा तुमचा चमचा आठवला की मला आजही शिसारी येते. खालाकडून पुन्हा डबा आला नाही. चाचा मात्र अंक शिवत राहिले, शेजारधर्मावरचे तुमचे सगळे अग्रलेख त्यांच्याच हातांखालून गेले.

हे पाठवायला पत्ता नाही. शीरखुर्म्याच्या लेखाच्या अंकाखाली, खणात ठेवून देईन. ठेवण्याआधी लेख पुन्हा वाचला. तुपात परतलेल्या शेवया, आटलेल्या दुधाचा वास, दाताखाली येणारी खारीक. लेख चांगला आहे, अण्णा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शीरखुर्मा मीही कधी चाखलेला नाही.