खिडकीतली समोरची जागा

शनिवार संध्याकाळ, गेर्लिंगेन, जर्मनी

आज आईला बॉर्डरपलीकडचा मध्ययुगीन फ्रेंच किल्ला दाखवला. बुरूज वगैरे सगळं विसरले, डोक्यात फक्त ती खिडकी. भिंत इतकी जाड, की खिडकीच्या पोकळीतच समोरासमोर दोन दगडी बाकं. गाईड म्हणाली, आत अंधार असायचा, म्हणून बायका शिवण घेऊन इथे उजेडात बसायच्या.

आम्हीही बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. बाबा गेल्यापासून अडकलेला प्रश्न तिथे विचारून टाकला.

"आई, माझ्याकडेच राहतेस का, कायमची?"

"वेडी आहेस का? माझं सगळं पुण्यात आहे."

चिडले का मी? थोडी. की घाबरले?

घरी आल्यावर अंघोळ करून बाहेर येते तर किचनच्या खिडकीशी दोन खुर्च्या. समोरासमोर, त्या बाकांसारख्याच.

"मी गेल्यावर माझी हलवू नकोस हं. दिवाळी झाली की येते."