सुट्टीच्या दिवशी घेतलेली चाचणी

गुरुवार, सायंकाळ

दोन महिन्यांपूर्वी, ओतकामाच्या साच्यांचे गणित लवकर सुटावे म्हणून शिरोलीच्या कारखान्यातील संगणकाचा वेग मी मर्यादेपलीकडे वाढवला. आठ तास चाचणी घेऊन ‘स्थिर’ असा शेराही लिहिला. पण तो सोमवार होता, साप्ताहिक सुट्टीचा. शेजारची भट्टी थंड होती. तेव्हा हे कसे सुचले नाही मला?

आज भट्टी पेटून खोली तापल्यावर तेच गणित दोनदा केले. दोन वेगळी उत्तरे आली. संगणक बंद पडला नाही, निमूटपणे चुकला. मूळ वेगावर आणताच उत्तर एकच. म्हणजे गेल्या महिन्यात आत पोकळ्या राहून वाया गेलेला माल माझ्या आकड्यांमुळे. आणि त्यासाठी साचे करणाऱ्या बापू मिस्त्रींना मालकांनी घरी बसवले.

“सायेब, साचा तुमच्या आकड्यापरमानंच केलाय की!” ते म्हणाले होते.

“मिस्त्री, संगणक चुकत नसतो,” हे माझे उत्तर. सर्वांदेखत.

भट्टी थंड होती. शेऱ्यात एवढे तरी नोंदवायचे.

मालकांना सर्व सांगितले. त्यांनी परत बोलावण्यास सांगितले, म्हणून मिस्त्रींना फोन केला.

“येतो की,” ते म्हणाले, “पर हत्यारं इकली वो, सायेब.”