अजून जरासं

उमरेड, सोमवार दुपार

प्रिय धनश्री,

प्रिय लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नको. पोटची पोरगी आहे तू, दुसरं काय लिहू? रागारागात लिहून राहिली आहे, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मले बोलूच देत नाही, आई आधी शांत हो, श्वास घे, म्हणते. माझा श्वास माझ्याजवळ आहे वं, तुले विचारून घ्यायची गरज नाही.

तुझा मेसेज वाचला. तुझ्या योगाच्या क्लासच्या ग्रुपवर मी दोन ओळी टाकायच्या म्हणे, की पिंकीच्या मांडीले आधीपासूनच दुखणं होतं आणि तिनं ते लपवलं. बाया माझं आयकतात, मी बोलली की विषय मिटतो. वा बाई, वा! तिकडे ती पोरगी बारा दिवसांपासून खाटेवर पडली आहे, संडासले जायचं तर भिंत धरून जाते. बुटीबोरीच्या कारखान्यात आठ-आठ तास उभं राहायचं काम तिचं, ते राहते का जाते याचा पत्ता नाही, आणि तुले विषय मिटवायची पडली आहे. टाइप करताना बोटं कशी नाही अडखळली तुझी?

तिले तुझ्या क्लासात मीच आणलं होतं, हे विसरू नको. तुझे बाबा गेल्यावर मी मनीषनगरले तुझ्याकडे राहायले आली, तेव्हा त्या अख्ख्या कॉलनीत माझ्यापाशी येऊन बसणारी ही एकच. तुझीच भाडेकरू, गच्चीवरच्या खोलीतली. ड्युटीवरून आली की आधी माझ्याजवळ टेकायची, काकू, कंबर गेली म्हणायची. मी म्हटलं, चाल, माझी पोरगी आंग असं हळू मोकळं करते की समजतही नाही. तेव्हा ते खरंही होतं. चाळीस वर्षं हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली मी, माझे गुडघे तूच सरळ केले. दुखायच्या अलीकडे थांबा, तिथंच श्वास सोडा, शरीर काय म्हणते ते आयका, असं तू शिकवायची. मले ते काही नवीन वाटलं नाही. आम्ही रस्त्यावर ताणा लावायचो, मागाचं उभं सूत ताणायचो, तेव्हा हेच करायचो. सूत तुटायच्या आधी बोटाले कडक लागते. तसं लागलं की ढील द्यायची, खळ फिरवायची, मंग पुन्हा हळूच ओढायचं. तुझ्या पाटीवर 'हळुवार ताण, जागं शरीर' वाचलं की मले वाटे, पोरगी कोष्ट्याचीच आहे. शेजारणींना दाखवायची मी ती पाटी.

मंग त्या दिवशी काय झालं होतं तुले? क्लासच्या जाहिरातीचा व्हिडिओ काढणारा आला म्हणून? पिंकी सडपातळ, तिचं कपाळ गुडघ्याले टेकलेलं त्यात चांगलं दिसते, हेच ना? ती पाय लांब करून वाकली आणि वीतभर वर थांबली. तिचं शरीर जागं होतं, ते थांबलं. तू तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हटलं, अजून जरासं. मी मागं खुर्चीवर होती. तिच्या पायाची बोटं मुडपली, श्वास अडकला. मी ओरडली, थांब. तू मागं वळूनही पाहिलं नाही, आई मध्ये बोलू नको म्हटलं, आणि पुन्हा, अजून जरासं. मंग ती किंचाळली. शीर चढली असेल म्हणून तू तिले बाजूले सरकवलं आणि दुसरीले बसवलं. तुझं तोंड पाहायची इच्छा राहिली नाही माझी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं उमरेडले निघून आली ती काय उगीच नाही.

परवा येऊन पिंकीले पाहून गेली मी. तुझ्या दारासमोरूनच जिना चढली, मुद्दाम बेल नाही मारली. आणि ती पोरगी मलेच विचारते, काकू, माझंच काही चुकलं का, मी श्वास बरोबर घेतला नसेल का. आयक, हे तू केलं आहे.

आता ज्याच्यासाठी कागद घेऊन बसली ते सांगते. तू नऊ वर्षांची होती. लग्नसराईचं काम अंगावर होतं, मी तुले चरख्यावर सुताच्या कांड्या भरायले बसवलं. तू म्हणे, आई, खांदा दुखून राहिला. मी म्हणे, अजून जरासं. दिवस मावळेपर्यंत तेच. संध्याकाळी तुझा हात वर होईना. बाबांनी विचारलं, तर मी सांगतलं की पोरगी झोक्यावरून पडली. तू माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हटलं. क्लासात तू नेहमी डावाच हात वर करून दाखवते, बायांना वाटते ती तुझी पद्धत आहे. उजवा काहून पुरता वर जात नाही ते मले माहीत आहे. बाबा जाईपर्यंत मी त्यांना खरं सांगू शकली नाही, आणि तुझीही कधी माफी मागितली नाही. आज मागते. पण तेव्हा मी तुझ्याकडून खोटं वदवलं, म्हणून आता तू माझ्याकडून वदवू नको. येत्या रविवारी मी पिंकीकडे येणार आहे, या वेळी तुझी बेल मारीन, माझ्यासोबत वर चाल. तोपर्यंत ग्रुपवर खरं तूच लिही. नाही लिहिलं तर तुले पाहिजे होत्या त्या दोन ओळी मी टाकीन: पिंकीले कोणतंच दुखणं नव्हतं. माझ्या पोरीनं तिले दाबलं, आणि ते पोरीले मी शिकवलं.

तुझीच, तुले राग येवो नाहीतर न येवो,
आई