व्हिटॅमिनची बारकी गोळी

अहमदपूर, दि. १२ जून २०२४

श्री. उमाशंकरप्पा हलकुडे, नांदेड यांस,
मल्लिकार्जुन तोंडारे याचे शरणार्थ वि. वि.

इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली तुम्हीच जाणे. फोनवर तुम्ही मास्तर होता आणि मला बाकावर उभं करता, म्हणून हे लेखी.

चि. सौ. अक्षराला परवा तुमच्याकडे पोचती केली. आमच्या पंचाक्षरीनेच आणून सोडली, बायको आहे त्याची, एसटीत एकटी कशी बसवणार? मानेतल्या गाठींच्या टीबीवर चार महिने गोळ्या चालू आहेत. गाठी बसल्या, पण आता म्हणते तळपाय जळतात, मुंग्या येतात, फरशी कापसासारखी लागते. देवघरात जाताना उंबऱ्याला अडखळते. आमच्या आडतीवरच्या सटवाजीने साठाव्या वर्षी ह्याच गोळ्या खाल्ल्या आणि पोती उचलली. त्याला काही झालं नाही. तब्येत ही घराण्याची असते, उमाशंकरप्पा, ती आंदणात देता येत नाही.

इलाजात आम्ही कसूर केली असं मनात आणू नका. दवाखान्यातल्या बाईंनी बाकी गोळ्यांबरोबर एक बारकी व्हिटॅमिनची गोळी दिली होती, तेवढी मी पहिल्याच आठवड्यात परत पाठवली. घरी दोन म्हशी आहेत, तूप घरचं आहे. तोंडाऱ्यांची सून उपाशी आहे असं गावभर होऊ द्यायचं होतं का?

पाय सरळ पडू लागले की कळवा. तोवर लेक बापाच्या घरी बरी. लोभ आहे तितका राहू द्यावा.

आपला,
मल्लिकार्जुन तोंडारे

नांदेड, दि. २१ जून २०२४

श्री. मल्लिकार्जुनप्पा तोंडारे यांस,
उमाशंकर हलकुडे याचे शरणार्थ वि. वि.

आपलं पत्र दोनदा वाचलं. फार्मसीच्या मुलांना तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं, नापासांचे पेपर गठ्ठ्याने तपासले, पण आपला गुन्हा आपणच अभिमानाने लिहून देणारा विद्यार्थी मला भेटला नव्हता. ती बारकी गोळी परत पाठवलीत, म्हणून माझ्या मुलीचे पाय गेले.

आपल्याला समजेल अशा भाषेत सांगतो. पोटात गेलेलं औषध काम संपलं की आपोआप निघून जात नाही. तुमच्या धान्याच्या मोंढ्यात पोत्यावर मार्का पडल्याशिवाय ते गेटबाहेर जात नाही ना, तसंच आहे. यकृतात विकरं नावाचे हमाल असतात. काही औषधांची ते आधी मोडतोड करतात, आणि मग औषधाला एखादा तुकडा चिकटवतात, तेव्हा कुठे मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. टीबीच्या ह्या एका गोळीला ॲसिटिल नावाचा तुकडा चिकटावा लागतो. कुणाचे हमाल ते काम झपाट्याने करतात, कुणाचे सावकाश. आपल्या देशात निम्म्याहून जास्त माणसं सावकाशवाली आहेत. हा आजार नव्हे, अशक्तपणा नव्हे. आईबापाकडून आलेली ती एक ठेवण आहे, नाकाच्या शेंड्यासारखी.

सावकाशवाल्यांच्या अंगात ते औषध साचतं आणि बी-६ नावाचं जीवनसत्त्व ओढून घेतं. ते नसलं की नसा उपाशी पडतात, सगळ्यांत आधी तळपायांच्या. म्हणून ती बारकी गोळी. आपल्या दोन्ही म्हशींच्या तुपात ते जीवनसत्त्व औषधालाही सापडायचं नाही. सटवाजीचे हमाल झपाट्याचे असतील. सबंध अहमदपूरची यकृतं त्याच्यावरून ठरत नाहीत.

इथल्या डॉक्टरांनी बी-६ वाढवून दिलं आहे. पाय सुधारतील, पण किती, ते सांगत नाहीत. आपण सून नांदवायला नेली होती की सोयाबीन? वजन घटलं म्हणून माल परत करायची रीत आडतीवर असेल, आमच्यात नाही. अधिक काय लिहावे, समजून घ्यावे, जमल्यास.

आपला,
उमाशंकर हलकुडे

अहमदपूर, दि. १ जुलै २०२४

श्री. उमाशंकरप्पा हलकुडे यांस,
मल्लिकार्जुन तोंडारे याचे शरणार्थ वि. वि.

पत्र पावले. हमालांचं मला शिकवू नका, तीस वर्षं तुम्ही खडू उडवला तेव्हा मी हमालांतच होतो. गोळी परत केली ती चूक झाली. झाली म्हणतो, पुढे बोला.

पुढे तुम्ही बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो. तुमच्या मुलीचे हमाल सुस्त, आणि ते आईबापाकडून येतं, हे तुमच्याच अक्षरात माझ्यापाशी आहे. साखरपुड्याआधी आमच्या बैठकीत मी विचारलं होतं, घरात काही दुखणंखुपणं, काही खोड? तुम्ही छातीवर हात ठेवून नाही म्हणालात. ओला माल वाळला म्हणून देणाऱ्याला मोंढ्यात दुसऱ्या दिवशी कुणी चहा विचारत नाही. तुम्हाला ठाऊक होतं असा आरोप मी करत नाही. लपवायलाही धमक लागते, ती मास्तरकीत कुठली?

पंचाक्षरी तिला आणायला निघाला होता, मी थांबवला. भरली घागर घेऊन सरळ चालेल त्या दिवशी कळवा. नाहीतर दोन्ही घरांनी बसून काय तो निर्णय करू. कृपा होती तशी असावी.

आपला,
मल्लिकार्जुन तोंडारे

उदगीर, दि. २० जुलै २०२४

ती. बाबा आणि ती. मामंजी यांस,
दोघांनाही अक्षराचा शि. सा. नमस्कार.

एकच पत्र लिहून त्याची झेरॉक्स काढली आहे. दोघांसाठी वेगळं लिहावं इतका फरक मला दिसला नाही. मामंजींची पत्रं आणि बाबांच्या उत्तराची नक्कल बाबांच्या टेबलावर होती, ती वाचली आणि इकडे गौरम्मा आत्याकडे आले. बाबा, आत्याकडे जाऊ नको, उदगीरला दगदग होईल, असं तुम्ही तीनदा म्हणालात. तेव्हाच मी बॅग भरली.

मामंजी, गौरम्मा आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी तिलाही टीबी झाला होता, ह्याच गोळ्या होत्या, आणि असेच पाय जळत होते. बी-६ देईपर्यंत उशीर झाला, आजही ती पाय आपटत चालते. तिला ती गोळी कॉलेजातून बाबांनीच आणून दिली. आपल्या घरातली यकृतं सावकाश आहेत, पुढे कुणाला हे औषध लागलं तर पहिल्या दिवसापासून जपायचं, हेही तेव्हा बाबांनीच तिला सांगितलं होतं.

माझा साखरपुडा ठरला तेव्हा तिला घरीच राहायला सांगितलं. तिची चाल पाहिली की तोंडारे विचारतील, विचारलं की टीबी निघेल, टीबी निघाला की स्थळ मोडेल. आत्याने हे रडून नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला हुशारी लई हाय, पर ती भ्याली की मुकी होती."

बाबा, मार्चमध्ये तुम्ही मला बघायला अहमदपूरला आलात. गोळ्यांचं पाकीट तुमच्या हातात होतं. त्यात बी-६ नाही, हे तुम्हाला दिसलं नाही असं मला सांगू नका, नापासांचे इतके पेपर तपासलेत तुम्ही. एक वाक्य बोलला असतात तर माझे पाय वाचले असते. पण मामंजींनी विचारलं असतं, हिलाच का लागेल? तुम्ही पुरणपोळी खाल्लीत आणि संध्याकाळची बस धरलीत.

आणि मामंजी, तुम्ही खूश होऊ नका. चूक झाली हे तुम्ही तीन शब्दांत उरकलंत आणि बाकी पानभर मोंढा लिहिलात. भरली घागर मी तुमच्या अंगणात चार महिने आणत होते, त्यातले शेवटचे दोन महिने पाय जळतात हे रोज सांगत होते. तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होता.

काल हे इथे आले होते. तुम्ही थांबवलेले पंचाक्षरी, मामंजी, तुम्हाला न सांगता. आत्याच्या ओट्यावर बसून म्हणाले, चल, मी अप्पांना समजावतो. मी विचारलं, गोळी परत गेली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? ते म्हणाले, तिथेच होतो. मग चहा घेऊन गेले. मी जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही.

गोळ्यांचा कोर्स ऑगस्टमध्ये संपेल. तो इथे पुरा करीन, बी-६ धरून. त्यानंतर कुठे राहायचं ते मी ठरवीन, त्यासाठी दोन्ही घरांनी बसायची गरज नाही. आज सकाळी दळणाला जाताना एक चप्पल पायातून निसटली. मला कळलंच नाही, तशीच चालत राहिले. आत्या मागून पाय आपटत आली, वाकली, आणि तिने ती चप्पल माझ्या पायात घालून पट्टा लावून दिला. तिला वाकायला किती वेळ लागतो ते तुम्हा दोघांना ठाऊक नाही.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. ह्या खेपेला मी तो मागत नाही.

अक्षरा