फायबरच्या टपाखालची सहा कोकरे

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना,
ता. आंबेगाव, जि. पुणे.

अर्जदार : सावळेराम भिमाजी पडवळ, वय ७३, निवृत्त ग्रंथालय लिपिक, रा. महाळुंगे पडवळ.

विषय : मेंढ्या आपलीच कोकरे पाजत नसल्याने आज दिवस मावळण्यापूर्वी तपासणीस येण्याबाबत, तसेच झाल्या प्रकारातील दोष ठरवून देण्याबाबत.

संदर्भ : आज सकाळी आठच्या सुमारास आपल्या दवाखान्यात दोनदा आलेला व न बोलताच बंद झालेला फोन.

महोदय,

संदर्भातील फोन अर्जदाराचाच होता. पलीकडून "हॅलो, बोला" असे आले आणि अर्जदाराला बोलता आले नाही. लिहिणे त्यातल्या त्यात जमते, म्हणून हा अर्ज. तो लिहून होण्याची वाट पाहत मेंढपाळ जानकू यांचा मुलगा गोरक्ष ओटीवर मोटारसायकलची किल्ली फिरवत उभा आहे. "नाना, अर्ज लिवताय का पोथी?" असे तो आताच विचारून गेला. त्याचे बरोबर आहे.

१. जानकू, त्यांची पत्नी बानूबाई, गोरक्ष व सून आशा हे कुटुंब दरवर्षी या दिवसांत अर्जदाराच्या रानात मेंढ्या बसवते. रानाला खत मिळते. लहान कोकरे पूर्वी घोड्यावरून नेत. दोन वर्षांपूर्वी गोरक्षने डोंगरवाटेला चालणारी जुनी फोर-व्हील जीप घेतली. तिला कापडी हूड आहे. गेल्या वर्षी वाटेत मुक्काम असताना बिबट्याने तो फाडून दोन कोकरे नेली. तेव्हा अर्जदार बोलून गेला की, या गाडीला फायबरचा पक्का टप घरी करता येईल, त्याचे पुस्तक आपण वाचले आहे. अर्जदाराने आयुष्यात पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यापलीकडे हाताने काही केलेले नाही. तरी सगळ्यांनी विश्वास ठेवला. बानूबाई तर म्हणाल्या, "नाना बोलत्यात कमी, म्हंजी करतील."

२. टप अंगणात केला. प्लायवूडचा साचा, त्यावर मेण, मेणावर चिकट, पातळ रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची चटई, असे चार थर दिले. मापे तीनदा घेतली. खिडक्यांच्या जागा कापल्या. टप साच्यातून सुटला तेव्हा गोरक्षने त्यावर थाप मारली आणि म्हणाला, "राव, कंपनीचा वाटतोय!" हे वाक्य अर्जदाराला फार आवडले होते, हे येथे नमूद करावेसे वाटते. मग टप रानात, मेंढ्यांच्या वाड्याजवळ नेऊन चार विटांवर ठेवून सुकू दिला.

३. काल दुपारी अवकाळी पाऊस आला. मेंढ्या चरायला लांब गेल्या होत्या. वाड्यावर तीन-चार दिवसांची सहा कोकरे होती. आशाने ती उचलून टपाखाली ठेवली. जवळ दुसरा आडोसा नव्हता. तिचा काहीही दोष नाही. दोन तासांनी कोकरे बाहेर काढली तेव्हा टपाच्या आतल्या बाजूला त्यांची लोकर चिकटलेली होती आणि अंगाला रेझिनचा वास येत होता. संध्याकाळी मेंढ्या परतल्या. प्रत्येक मेंढी आपल्या कोकराकडे धावत आली, शेपटीखाली हुंगली आणि ढुशी मारून मागे सरली. बानूबाई म्हणाल्या, "आई वासानं वळखती, नाना. डोळ्यानं न्हाई." कोकरांना शेळीचे दूध बाटलीने पाजले. चार प्याली. दोघांनी तोंड उघडले नाही.

(येथे लिहिणे थांबवावे लागले. पुढील मजकूर दहा वाजता.)

४. वरील परिच्छेद लिहिला जात असताना त्या दोघांपैकी एक कोकरू गेले. जानकूंनी ते उचलून बांधापलीकडे नेले व परत येऊन अर्जदारालाच चहा दिला. म्हणाले, "कोकरू मेलं त्यात काय नवीन, नाना? दरसाल मरत्यात. थंडी लई हाय." आपण पाहणी कराल तेव्हा तेही आपणास हेच सांगतील. आशा पावसाला बोल लावील. कृपया यांपैकी कोणाचेही म्हणणे नोंदवू नये. मृत्यूच्या कारणापुढे थंडी किंवा पाऊस न लिहिता अर्जदाराचे नाव लिहावे. तसा रकाना नसल्यास समासात लिहावे.

५. याचे कारण पुढीलप्रमाणे आहे व ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पुस्तकात शंभर ग्रॅम रेझिनला ते घट्ट करणारा दोन ग्रॅम हार्डनर सांगितला होता. थंडीत कमी पडू देऊ नये, अशीही सूचना होती. मात्र पुढच्याच पानावर लिहिले होते की, हार्डनर फार झाला तर मिश्रण तापून पेट घेते. अर्जदार ते पान वाचून घाबरला. चारही थरांत त्याने सांगितल्याच्या निम्मा हार्डनर घातला. त्यामुळे टप बाहेरून वाळला, आतून वाळलाच नाही. आठव्या दिवशीही बोट लावले की चिकटत होते. गोरक्षने दोनदा विचारले. अर्जदाराने दोन्ही वेळा "थंडीमुळे वेळ लागतोय" असे उत्तर दिले. टपाखाली काही ठेवू नका, एवढे चार शब्द सांगितले असते तरी पुरे होते. पण मग का, हे सांगावे लागले असते.

६. उद्या सकाळी कळप आळे गावाकडे निघणार आहे. तिकडच्या शेतकऱ्याने रान मोकळे ठेवले आहे. गोरक्ष टप आजच जीपवर बसवायचा म्हणतो. अर्जदाराने नको म्हणून पाहिले. त्यावर जानकू म्हणाले, "वास चार दिसांत जाईल, नाना. वाघ जाणार न्हाई." कोकरांना वासाने मारावे की बिबट्याने, असा हा प्रश्न झाला आहे. तो आपण येऊन सोडवावा. आपले म्हणणे ते ऐकतील. अर्जदाराचेही आजवर ऐकत आले, हीच अडचण आहे.

७. अकरा वाजता : बानूबाईंनी मेंढ्या एकेक करून खुंटीला बांधल्या, कोकरांची चिकट झालेली लोकर कातरीने उतरवली, मेंढीचेच दूध पिळून कोकराच्या पाठीला व शेपटीखाली चोळले. तीन मेंढ्यांनी कोकरांना पिऊ दिले. चौथी पाय झाडत होती, आता उभी राहिली आहे. ज्याने दूध घेतले नव्हते ते पाचवे कोकरू अर्जदाराच्या मांडीवर आहे. त्याच्या आईने तीनदा ढुशी दिली. मघापासून ते अर्जदाराचे डाव्या हाताचे बोट चोखत आहे. बोटाला दूध लावले तर थोडे पोटात जाते. तेव्हा विषयातील "कोकरे" हा शब्द कृपया या एकापुरता वाचावा, आणि शक्य तितक्या लवकर यावे. येताना नळीने दूध पाजण्याचे साधन आणावे. रस्ता चावडीपर्यंत चांगला आहे. पुढे गोरक्ष घेऊन येईल.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,

सावळेराम भिमाजी पडवळ
महाळुंगे पडवळ, दि. ४ डिसेंबर २०२४

सोबत : १. हार्डनरची अर्धी उरलेली बाटली. २. कोकराच्या अंगावरून कातरलेली लोकर, कागदात बांधून.

ता. क. (वेगळ्या कागदावर) अर्ज पाकिटात बंद केलेला नाही. जानकूंना वाचता येत नाही, म्हणूनच परिच्छेद ५ लिहिण्याचे धैर्य झाले, हे लिहून झाल्यावर ध्यानात आले आणि लाज वाटली. गोरक्षला सांगितले आहे की, आधी हा सगळा अर्ज वडिलांसमोर मोठ्याने वाचायचा आणि मगच गाडी काढायची. त्याने वाचायला सुरुवात केली आहे. आता तो तिसऱ्या परिच्छेदावर आहे.