तोंड उघडण्याबाबत

४ ऑगस्ट, सोमवार

दिग्रसच्या नागरिकांवर आज घोर अन्याय झाला आणि त्याची दखल घेणारा मी एकटाच. बसस्टँडजवळच्या गाडीवाल्यानं गुपचूप, पुण्याकडे ज्याला पाणीपुरी म्हणतात ते, मोठे केले. कोणाला न विचारता. अख्खा तोंडात जाईचना. ओठांवरच फुटला आणि चिंचेचं पाणी पांढऱ्या शर्टावर. रंजितानं मात्र सहा आरामात संपवले. वर म्हणते, काहून जी, नीट उघडा ना तोंड, बँकेचं लॉकर आहे का ते? लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोला नागरी प्रश्न कळत नाहीत. नगरपरिषदेला निवेदन देणार.

११ ऑगस्ट

प्राचार्यांनी मला कॉलेजच्या आरोग्य कक्षाचा समन्वयक केलं. स्टाफ आणि विद्यार्थी, सगळ्यांची तब्येत आता माझ्याकडे. शिवाय तंबाखूमुक्त परिसराचं कामही. योग्य माणूस निवडला. मी कॉमर्स शिकवतो खरा, पण शरीर म्हणजे तरी काय? जमा आणि खर्च.

बॅनरचा मजकूर गेटबाहेर मुख्तारच्या पानठेल्यावर उभं राहून लिहिला. खर्रा तोंडात असला की मला शब्द सुचतात. मुख्तार खर्रा घोटता घोटता म्हणाला, सर, तुमचं बॅनर माह्या ठेल्यासमोर लावू नोका, गिऱ्हाईक बिचकते. त्याला धीर दिला. खर्ऱ्यात तंबाखू असते, मान्य. पण बहुमत सुपारीचं. सुपारी म्हणजे फळ. चुना म्हणजे कॅल्शियम.

२० ऑगस्ट

तपासणी शिबिर. फोटो उत्तम. कक्षाच्या नर्स गुलनार सिस्टर प्रत्येकाला एकच सांगत होत्या: आपली तीन बोटं उभी धरा, तोंडात जातात का बघा. क्लार्क, शिपाई खेमसिंग, पोरंपोरी, सगळ्यांची गेली. फोटोसाठी मीही घातली. दोन गेली. तिसरं बाहेर राहिलं.

म्हटलं, आमची बोटं मुकुटबनची, शेतातली, जाड. सिस्टर म्हणाल्या, सर, बोटं तुमची, तोंड बी तुमचंच. म्हटलं, तीन धरून चला. म्हणाल्या, धरून चालाले हे इंटर्नलचे मार्क आहेत का? यवतमाळले दाखवून घ्या, लवकर.

समन्वयकाशी बोलण्याची ही पद्धत नव्हे. योग्य वेळी समज देईन.

संकल्प: उद्यापासून खर्रा अर्धा.

२२ ऑगस्ट

अर्धाच खाल्ला. चार वेळा.

१ सप्टेंबर

यंदाची मिरचीच खराब. ठेचा सोडाच, वरणसुद्धा झोंबतं. रंजिताला म्हटलं, जरा हात आवर. म्हणाली, वरणात मिरची टाकलीच नाही मी, चार दिवस झाले. खोटं बोलते. टूथब्रशवाल्यांनीही ब्रशचं डोकं वाढवलेलं दिसतं. सगळीकडे एकच प्रकार.

जिभेच्या कडेला पांढरा डाग. दुधाचा असणार. घासला.

३ सप्टेंबर

डाग तसाच. दूध भेसळीचं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मागच्या बाकावरचा बादल भर वर्गात उठून म्हणाला, सर, काही समजून नाही राह्यलं, तुमी तोंडातल्या तोंडात बोलून राह्यले. माइकची तक्रार केली. नवा माइक आला. बादल पुन्हा उठला. या वेळी तो हसत नव्हता, ते जास्त खटकलं.

संकल्प: सोमवारपासून खर्रा बंद. कायमचा.

१६ सप्टेंबर

सोमवारी मीटिंग होती.

आज मुख्तारनं खर्रा द्यायला नकार दिला. हात पुसत म्हणाला, सर, साजिदभाईचं तोंड बी असंच मिटत गेलतं. शेवटी शेवटी चमच्यानं पाणी पाजत होतो आमी. तुमाले मी नाही देत. साजिद त्याचा थोरला भाऊ, उन्हाळ्यात गेला. वाईट वाटलं. पण आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्याचा धंदा चालायचा कसा? पुढच्या चौकात दुसरा ठेला आहे. तिथला खर्रा बेचव. किंवा सगळंच.

डाग आता मधोमध लाल. कानापर्यंत ठणका. एसटीत वारा लागला असेल.

२५ सप्टेंबर

काल संध्याकाळी गुलनार सिस्टर घरी आल्या. स्वयंपाकघरात रंजिताशी हळू आवाजात बोलून गेल्या. मला वाटलं, आता रंजिता भांडणार. तिनं पिशवी भरली.

आज सिस्टर धरून आम्ही तिघं यवतमाळला. माझा उद्देश, विद्यार्थ्यांना पुढे पाठवायचं तर तिथली सोय कशी आहे याची पाहणी. डॉक्टर सुरभी आमच्या विद्यार्थिनी शोभाव्या अशा. किती वर्षं खाता? मी म्हणालो, कधीमधी. रंजिता म्हणाली, मॅडम, लग्नात मुंडावळ्या बांधल्या तवा बी ह्यायच्या गालात खर्रा होता. डॉक्टर हसल्या नाहीत. उजेड धरून बराच वेळ आत पाहत राहिल्या. माझं तोंड दीड बोट उघडतं, तेवढ्यातून त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. जिभेचा बारीक तुकडा काढून घेतला. तपासायला पाठवतात, रुटीन असतं. विचारलं, रुटीनच ना? त्या हातमोजे काढत होत्या.

परतीच्या एसटीत रंजिता खिडकीकडे तोंड करून बसली.

६ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. डॉक्टर सुरभींनी आधी दार लोटलं, मग रंजितासाठी खुर्ची ओढली. तेव्हाच कळलं. नागपूरला जायचं. ऑपरेशन. जिभेचा किती भाग, ते तिथले सांगतील. रंजितानं विचारलं, ह्यायले बोलता येईन ना, मॅडम? शिकवतेत ते. डॉक्टर म्हणाल्या, प्रयत्न करू.

दुपारी कॉलेजात गेलो. रजेचा अर्ज दिला. कक्षात गुलनार सिस्टर एका पोरीचं बीपी बघत होत्या. त्या दिवशी यवतमाळच्या स्टँडवरून दवाखान्यापर्यंतच्या ऑटोचे पैसे त्यांनीच दिले होते. साठ रुपये टेबलावर ठेवले. राहू द्या ना सर, म्हणाल्या. पंखा चालू होता. नोटांवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि निघालो.