बाविसाव्या खोलीतला ओटा

२ खुर्दाद, १३४४ फसली (इंग्रजी एप्रिल १९३५)
पोचलो बुवा एकदाचा! औरंगाबादेहून टांग्यानं पायथ्यापर्यंत, मग पायऱ्या. वर डोंगरात कोरलेलं जुनं बौद्ध विद्यापीठ, निम्मं ढासळलेलं. नकाशा काढायचं काम माझ्याकडं. मधे शिकवायचं दालन, भोवती भिक्षूंच्या बावीस खोल्या, प्रत्येकीत निजायला दगडी ओटा. खालच्या वस्तीतली जैतुनबी भाकरी-पाणी आणून देते. फटकळ म्हातारी, पण मायाळू. तिला आल्या आल्या सांगून टाकलं, मी बाप झालोय! सव्वा महिना झाला, पोराचं तोंड पाहिलं नाही. वच्छला पुढल्या आठवड्यात त्याला घेऊन पाचोडहून येतेय. नवरा मोजणीवाला म्हणून तिनं पत्रात त्याच्या उंचीएवढा काळा दोरा पाठवलाय. मोजला: एक फूट नऊ इंच. दोरा या वहीतच ठेवलाय.

४ खुर्दाद
सगळे ओटे मोजले. बाविसावा सहा फूट. बाहेर चैत्राचं ऊन भाजतंय, इथं माठासारखं गार. दुपारी त्यावरच अंग टाकलं, लई गोड झोप लागली. वच्छलाला लगेच कळवलं की बाळाला याच ओट्यावर निजवू. जैतुनबीला सांगितलं तर ती चिडली, जेवण न वाढताच निघून गेली. काय बिनसलं कोण जाणे.

५ खुर्दाद
ओटा पाच फूट चार इंच! तीनदा मोजला. बारा वर्षं मोजणीत घालवली, माझी आठ इंचांची चूक होणं शक्य नाही. आणि पाच फूट चार ही माझीच उंची.
जैतुनबीनं शेवटी सांगितलं. तिचा नवरा मोहियोद्दीन इथला पहारेकरी. एकदा निजला, ओटा त्याच्या मापाचा झाला. तो हसला, पुन्हा निजला, तो उठलाच नाही. त्यानंतर ओटा परत सहा फूट. आपल्या मापाचं माणूस मिळेपर्यंत दगड थांबतो, म्हणे.
मी तिथं पाऊल ठेवणार नाही.

७ खुर्दाद
पाय आपोआप तिकडं वळतात. भरदिवसा. दोनदा उंबऱ्यावरून माघारी आलो. मरायचं नाही मला, पोराला बघायचंय. उद्या काम सोडून पाचोडला.

८ खुर्दाद, सकाळ
निघताना दारातून नजर गेली. ओटा आखूड! मोजला. एक फूट नऊ इंच. मोठ्यानं हसलो. सुटलो! एवढ्याशा दगडावर काय मांजर निजणार —
दोरा.
दोरा लावून पाहिला. तंतोतंत —

दुपार
पायऱ्या उतरत धावलो. पायथ्याशी पाचोडची गाडी. रिकामी. गाडीवान म्हणाला, पत्र वाचून बाईंना राहवलं नाही, पायवाटेनं वर गेल्या — तसाच उलटा वर धावलो.
वच्छला खोलीच्या दारात. हसत. ओठांवर बोट. म्हणाली, उन्हानं किरकिरत होता, तुम्ही लिहिलं तिथंच निजवला, लगेच झोपला —
उचलला. नाकाशी गाल धरला. काहीच नाही —
ओट्याला टेप लावला. का लावला, देव जाणे.
सहा फूट.
माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहितोय. ती म्हणतेय, निजू द्या की हो, उठवू नका. तिला हे वाचायला देतो. वच्छला, मीच तुला लिहिलं होतं की त्याला —